धक्क्याला लागलेले इस्पितळ

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडील दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असून, तानसा, मोडकसागर आणि भातसा या शहापुरातील जलाशयांचे पाणी पिऊन मुंबईसारखी महानगरी जगत असली, तरी त्या पाण्याच्या काठी राहणाऱ्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी समाजांतील सामान्य मनुष्याचा जहाजाशी संबंध जन्मभरात बहुधा येत नाही. अशा डोंगरी मुलखातील वाचकापुढे रुग्णालय-जहाजाची हकीकत मांडणे प्रथमदर्शनी विसंगत भासेल. परंतु रोग्याने इस्पितळापर्यंत पोहोचावे की इस्पितळाने रोग्यापर्यंत, हा जो प्रश्न जहाजाच्या रूपाने पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत उभा राहतो, तोच प्रश्न टोकावडे, मोरोशी, डोळखांब आणि साकडबाव या गावांच्या आसपासच्या पाड्यांतून दर पावसाळ्यात, ओढ्याला पाणी चढले म्हणजे, झोळीत घालून खांद्यावर वाहिला जात असतो. आणि म्हणून त्या दूरच्या जहाजाकडून आपणांस काही शिकता येईल काय, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठी माणसाचा रुग्णालय-जहाजाशी संबंध मुळीच आला नाही असे मात्र समजू नये. पॅसिफिक महासागरातून कॅनडा आणि पूर्व आशिया यांच्या दरम्यान उतारू नेणारे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभकाळी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी खरेदी केले, हिंदी सैनिकांसाठी त्याचे रुग्णालयात रूपांतर करविले आणि त्याचे नाव ‘लॉयल्टी’ असे ठेवण्यात आले. युद्ध संपल्यावर हेच जहाज सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीच्या मालकीचे झाले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज आपण राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी होणाऱ्या भाषणांतून स्वदेशी नौवहनाच्या साहसाचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. पण त्याच तक्तपोशीवर काही महिन्यांपूर्वीपर्यंत हिंदी पलटणींतील जखमी शिपाई निजविलेले असत, याची आठवण कोणी सहसा काढीत नाही.

त्याच युद्धातील दुसरी एक हकीकत या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. मेसोपोटेमियात लढणाऱ्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणींचा भरणा होता, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे तिला माघार घ्यावी लागली, तेव्हा हजारो जखमी तैग्रीस नदीतून खाली आणण्याचा प्रसंग आला. बसऱ्याच्या बंदरात ‘वरेला’ नावाचे सुसज्ज रुग्णालय-जहाज उभे होते, त्यावर वैद्य होते, खाटा होत्या, औषधे होती. परंतु रणभूमीपासून त्या जहाजापर्यंतच्या नदीमार्गाची तजवीज कोणी केलेलीच नव्हती. जखमी शिपाई उघड्या पडावांवर, पट्ट्या न बदललेल्या आणि मलमूत्रात लडबडलेल्या अवस्थेत अनेक दिवसांनी येऊन पोहोचले. ‘वरेला’वरील वैद्यकीय अधिकारी मेजर कार्टर यांनी डोळ्यांनी पाहिलेले लिहून वरिष्ठांकडे धाडले, तेव्हा चौकशी करण्याऐवजी त्यांनाच अटकेची धमकी देण्यात आली, आणि पुढे १९१७ च्या चौकशी आयोगाने त्यांचे म्हणणे खरे ठरविले. जहाज सज्ज असून रोगी मेला, असा या प्रकरणाचा अर्थ आहे. आणि रुग्णालय-जहाजाविषयी जे काही समजून घ्यावयाचे ते बहुतेक सारे त्यात आले आहे, असे माझे मत आहे.

युद्धकाळातील अशा जहाजांना आंतरराष्ट्रीय कायद्याचे संरक्षण असते. १९०७ च्या हेग कराराने लष्करी रुग्णालय-जहाज पांढऱ्या रंगाचे, त्यावर हिरवा पट्टा, आणि मदतसंस्थांचे जहाज असेल तर तांबडा पट्टा असावा असे ठरविले, व १९४९ च्या दुसऱ्या जिनिव्हा कराराने अशा जहाजांचे नियम अधिक विस्ताराने मांडले. पण हेगचे नियम असतानाही १९१८ मध्ये ‘लँडोव्हरी कॅसल’ आणि १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ‘सेंटॉर’ ही जहाजे पाणबुड्यांनी बुडविलीच. तो इतिहास येथे लांबविण्याचे कारण नाही.

शांततेच्या काळात, कोणाच्याही सैन्याचा भाग नसलेले आणि स्वयंसेवी वैद्यांच्या बळावर चालणारे जहाज ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. विल्यम वॉल्श या अमेरिकन वैद्याने अमेरिकी नौदलाचे ‘कन्सोलेशन’ हे निवृत्त जहाज मागून घेतले, त्याला ‘होप’ असे नाव दिले, आणि १९६० पासून १९७४ पर्यंत ते इंडोनेशिया, पेरू, गिनी, सिलोन अशा देशांच्या बंदरांत जाऊन राहात असे. त्यानंतर १९७८ मध्ये डॉन स्टीफन्स आणि त्यांची पत्नी डेयॉन यांनी ‘मर्सी शिप्स’ ही संस्था काढली आणि मोडीत निघालेले एक इटालियन उतारू-जहाज भंगाराच्या किमतीस विकत घेतले. १९५३ साली बांधलेल्या त्या जहाजाचे मूळचे नाव ‘व्हिक्टोरिया’. इटलीहून कराची, मुंबई, कोलंबो मार्गे हाँगकाँगकडे जाणाऱ्या या जहाजाचा मुंबईच्या धक्क्याशी अनेक वर्षे परिचय होता, आणि शिक्षणासाठी वा नोकरीसाठी युरोपास जाणाऱ्या त्या पिढीतील लोकांनी त्याचे नाव ऐकले नसेल असे नाही. ‘अनास्तासिस’ या नव्या नावाने त्याने पंचवीस वर्षे रुग्णसेवा केली, आणि २००७ मध्ये ते अखेरच्या प्रवासास पुन्हा याच किनाऱ्याकडे आले व गुजरातमधील अलंग येथे तोडण्यात आले. त्याची जागा ज्या ‘आफ्रिका मर्सी’ जहाजाने घेतली ते पूर्वी डेन्मार्कमध्ये आगगाडीचे डबे पोटात घालून खाडीपार नेणारे जहाज होते. खाडीवर पूल झाला आणि ते बेकार झाले. त्यानंतरचे ‘ग्लोबल मर्सी’ मात्र चीनमध्ये मुद्दाम रुग्णालय म्हणूनच बांधून घेतले असून त्यात सहा शस्त्रक्रियागृहे आणि १९९ खाटा आहेत.

सामान्य वाचकाची अशी समजूत असते, की असे जहाज समुद्रात हिंदकळत असताना शल्यविशारद त्यावर शस्त्रक्रिया करीत असेल. तसे काही नसते. यजमान देशाच्या सरकारने रीतसर निमंत्रण द्यावयाचे, करारनामा व्हावयाचा, वैद्य-परिचारिकांचे परवाने तपासले जावयाचे, बंदरात धक्क्याची जागा, गोडे पाणी आणि जकातीची माफी यांचा बंदोबस्त व्हावयाचा, आणि मग जहाज येऊन धक्क्याला लागले म्हणजे अनेक महिने तेथेच राहावयाचे, असा शिरस्ता आहे. त्याच्याही आधी एक तुकडी देशाच्या अंतर्भागात जाऊन रोग्यांची निवड करते. हे निवडीचे काम सर्वांत कठीण. कारण जहाजावर ज्याचा उपाय आहे असा रोगी आणि ज्याचा उपाय नाही असा रोगी दोघेही एकाच रांगेत, सारख्याच आशेने, कित्येक मैल चालून आलेले असतात. आणि पसरलेल्या कर्करोगाच्या रोग्यास ‘आम्ही तुला घेऊ शकत नाही’ हे त्याच्या डोळ्यांत पाहून सांगणे, हे बहुधा एखाद्या परिचारिकेच्या वाट्यास येते.

घेतले जातात ते रोग साधारणपणे असे, की ज्यांवर एकदाच नीट शस्त्रक्रिया केली असता मनुष्य जन्माचा मोकळा होतो. पिकलेला मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, अंतर्गळ, गलगंड, जबड्यावर वाढत वाढत श्वास कोंडणारी गाठ, वाकलेले पाय, अडलेल्या बाळंतपणानंतर स्त्रीस सतत मूत्रस्राव होऊन जिला घरातील लोकही दूर बसवितात ती व्याधी, आणि चुलीत वा शेकोटीत पडून भाजलेल्या मुलांचे आखडून गेलेले हातपाय. यांतील शेवटचा प्रकार आपल्या वाचकाने विशेष ध्यानात घ्यावा. भाजल्यानंतर हनुवटी छातीशी किंवा बोटे तळहाताशी जखडून गेलेली मुले ज्या ज्या मुलखात उघड्या चुलीभोवती निजण्याची वहिवाट आहे तेथे तेथे आढळतात. अशा मुलाचा हात शल्यविशारद काही तासांत मोकळा करतो हे खरे. परंतु पट्टी बांधून, फळी लावून, रोज थोडाथोडा ताणून तो हात मोकळा ठेवण्याचे काम पुढे कित्येक महिने चालते, आणि तेवढे झाले नाही तर कातडी पुन्हा आवळून हात होता तसा होतो. म्हणूनच जहाजाच्या संस्थेस किनाऱ्यावर एक वेगळे विश्रामगृह चालवावे लागते. आणि अलीकडे तर स्थानिक वैद्य, परिचारिका व भूलतज्ज्ञ यांच्या शिक्षणावर तिने शस्त्रक्रियांइतकाच भर दिला आहे.

आता स्वयंसेवकांविषयी. सहाशेहून अधिक माणसे वस्तीस राहू शकतील अशा ‘ग्लोबल मर्सी’सारख्या जहाजावर वैद्य हा अल्पसंख्य वर्ग आहे. परिचारिका, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, उपकरणे निर्जंतुक करणारा, यंत्रे दुरुस्त करणारा, स्वयंपाकी, वीजतंत्री, खलाशी, मुलांचे शिक्षक, असा तो एक फिरता कसबाच असतो. आणि त्यांतील बहुतेक सर्वजण विनावेतन येतात, इतकेच नव्हे तर प्रवासखर्च आणि विमा यांचे पैसे आपल्या खिशातून किंवा आप्तेष्टांकडून जमवून भरतात. शल्यविशारद दोन-तीन आठवड्यांसाठी येऊन जाऊ शकतो, पण परिचारिकेने त्याहून दीर्घ मुदत द्यावी अशी अपेक्षा असते, कारण रोग्याजवळ रात्री जागणारी माणसे वरचेवर बदलली तर शुश्रूषेचा धागा तुटतो. जहाजावर रक्ताची मोठी पेढी नसते. एखाद्या रोग्यास रक्त लागले तर त्या गटाचा जो कोणी कर्मचारी असेल, मग तो कप्तान असो की भांडी घासणारा, त्याला बोलावून त्याचे ताजे रक्त काढले जाते. सेवा हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जात असल्यामुळे हे तपशील मुद्दाम दिले आहेत.

परक्या देशातील रोग्यासाठी आपले घर सोडण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या बोटीने मुंबईहून चीनकडे निघालेल्या पाच हिंदी वैद्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे दोघे होते, आणि त्यांपैकी कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले.

परंतु जहाजाची कल्पना भारतात जेव्हा रुजली तेव्हा तिने समुद्र सोडून रूळ धरले. अंधत्व आलेले असूनही जगभर अंधत्वनिवारणाचे काम केलेले सर जॉन विल्सन यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या ‘इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन’ने, झेल्मा लाझरस यांच्या नेतृत्वाखाली व रेल्वेच्या सहकार्याने, १६ जुलै १९९१ रोजी मुंबईहून ‘लाइफलाइन एक्सप्रेस’, म्हणजे जीवनरेखा, ही रुग्णालय-आगगाडी सुरू केली. जगातील अशा प्रकारची ही पहिली गाडी मानली जाते. तिचा पहिला मुक्काम त्या वेळच्या बिहारातील खलारी येथे झाला. तिला स्वतःचे इंजिन नाही. एखाद्या गाडीस जोडून तिला ठरलेल्या स्थानकात नेतात, बाजूच्या रुळावर उभी करतात, आणि तीन-चार आठवडे तेथे मोतीबिंदू, कान, दुभंगलेले ओठ, पोलिओने वाकलेले पाय यांवरील शस्त्रक्रिया, शहरांतून आपल्या खर्चाच्या व रजेच्या हिशेबाने आलेले शल्यविशारद विनामूल्य करतात. आज तिला सात डबे असून आजवर तिच्यात लाखाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आहेत. गंमत अशी, की याच संस्थेच्या बांगलादेशातील भगिनीसंस्थेने १९९९ मध्ये ‘जीवनतरी’ नावाचे तरंगते रुग्णालय नद्यांत सोडले. म्हणजे जेथे रूळ तेथे आगगाडी, जेथे नदी तेथे नाव.

नावेचे उदाहरण महाराष्ट्रातही आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्याने नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांची नर्मदाकाठची तेहतीस गावे बाधित झाली. डोंगराच्या कुशीत उरलेल्या पाड्यांना रस्ता नाही आणि पाणी मात्र दारात, अशी अवस्था झाली, तेव्हा आरोग्य खात्यास तेथे ‘तरंगता दवाखाना’ ठेवावा लागला. त्यावर ग्लोबल मर्सीची सहा शस्त्रक्रियागृहे नाहीत. लसीची पेटी, ताप मोजण्याचे साधन, काही औषधे आणि दोन-चार माणसे आहेत. तथापि त्या गावांपैकी मणिबेलीच्या बाळंतिणीच्या दृष्टीने रुग्णालय-जहाज ते हेच.

शहापूर-मुरबाडकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे चित्र कसे दिसते? कल्याणहून वासिंदपर्यंत लोहमार्ग १८५५ मध्ये आला, १८६१ मध्ये तो कसाऱ्यास पोहोचला, आणि १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटातून वर चढला. म्हणजे शहापूर तालुक्यातून आगगाडी दीडशेहून अधिक वर्षे धावते आहे. मुरबाड तालुक्यास आजही रेल्वे नाही. त्यामुळे जीवनरेखा आसनगावच्या बाजूच्या रुळावर उद्या येऊन उभी राहिली, तरी माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यातील म्हातारीस तेथवर आणण्यासाठी कोणीतरी तिच्या घरी जावे लागेल, तिच्या डोळ्यात पाहावे लागेल, मुलाची समजूत घालावी लागेल, भाड्याचे पैसे उभे करावे लागतील, आणि परत आणून सोडल्यावर डोळ्यात थेंब घालण्याची आठवण काही आठवडे द्यावी लागेल. यात आणखी एक अडचण अशी, की या भागातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. शिबिरे भरविण्यास हिवाळा सोयीचा म्हणून शिबिरे हिवाळ्यात भरतात, आणि ज्यांच्यासाठी ती भरावयाची ते लोक त्या वेळी पाड्यावर नसतात! रविवारी मोटारींचा ताफा आणून, व्यासपीठावर हारतुरे करून, पांढऱ्या गोळ्यांच्या पुड्या वाटून संध्याकाळी निघून जाणारी एक-दोन शिबिरे मी पाहिली आहेत. रक्तदाबाची गोळी पंधरा दिवसांची देऊन सोळाव्या दिवसाची व्यवस्था न करणे यास उपकार म्हणावे की नाही, याचा निवाडा वाचकानेच करावा.

पाड्यावर जाऊन पाहणारे, समजूत घालणारे आणि आठवण देणारे ते ‘कोणीतरी’ म्हणजे आजच्या व्यवस्थेत आशा. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून निर्माण झालेल्या या स्त्रिया सरकारी दप्तरात कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना वेतन नाही, मोबदला आणि मानधन आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मानधनवाढीचा शासकीय आदेश निघावा म्हणून त्या शहापुराहून ठाण्यापर्यंत पायी चालत गेल्या होत्या. सुस्थितीतील देशाची परिचारिका आपली शिल्लक खर्चून काही महिने जहाजावर सेवा करते हे स्तुत्यच आहे, पण ती स्वेच्छेने येते व ठरलेल्या दिवशी स्वगृही परतते. जिची मुदत संपत नाही आणि जिच्या घरचा तांदूळ त्या मानधनावर अवलंबून आहे, तिच्याकडून त्याच स्वार्थत्यागाची अपेक्षा करणे हा हिशेबाचा लबाड मार्ग होय. बसऱ्यास जहाज सज्ज होते आणि नदीवरची माणसे नव्हती. येथे माणसे आहेत, तर त्यांना धड वेतन नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग आफ्रिकेच्या बंदरात जाण्याचे प्रयोजनच काय, आधी मुरबाडास या. हा आक्षेप मला मान्य नाही. शल्यविशारद एकटा मोरोशीस येऊन बसला तरी भूलतज्ज्ञ, निर्जंतुक उपकरणे, वीज आणि रक्त यांवाचून त्याचे कौशल्य निरुपयोगी असते, आणि ही सर्व अंगे एकत्र कशी नांदवावीत हे जहाजासारख्या बंदिस्त जागी जितके उत्तम शिकता येते तितके अन्यत्र क्वचित. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१५ च्या आयोगाने जगातील पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही असे नमूद केले आहे. एवढ्या मोठ्या उणिवेत तुमचा रोगी आणि आमचा रोगी अशी वाटणी करीत बसणे शोभत नाही. शहापूर वा मुरबाडची एखादी परिचारिका, शस्त्रक्रियागृहातील दोन-तीन वर्षांचा अनुभव, परिचर्या परिषदेची नोंदणी, पारपत्र आणि खर्चाची तरतूद यांच्या बळावर जहाजासाठी अर्ज करू इच्छीत असेल, तर घरच्यांनी तिला अडवू नये, आणि तिच्या प्रवासखर्चास गावातील पतपेढीने, दूधसंघाने किंवा मंडळाने हातभार लावावा. ज्यांना इतके दूर जाणे शक्य नाही अशा तरुण डॉक्टरांना पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेची मेळघाटातील पावसाळी धडक मोहीम १९९७ पासून खुली आहे. आणि ज्यांचे दवाखाने कल्याण, बदलापूर, ठाणे येथे आहेत, त्यांनी शिबिराचे निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी निमंत्रकांस दोनच गोष्टी विचाराव्यात: रोगी कोणी निवडले, आणि आम्ही गेल्यावर त्यांना कोण पाहणार? या दोहोंची उत्तरे नावानिशी मिळाली तरच जावे.